पहिल्या सेक्टरचा मालक कोण?

कॉम्प्युटरचं बटण दाबल्यापासून विंडोजचं किंवा लिनक्सचं चित्र पडद्यावर येईपर्यंत काही सेकंद जातात. त्या सेकंदांत एका प्रश्नाचा निकाल लागत असतो: या मशीनवर पहिला शब्द कुणाचा? एकच ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर हा प्रश्न कधी जाणवतही नाही. दुसरी आणायची म्हटलं की तो समोर येतो आणि सोबत भीतीही घेऊन येतो. नवी टाकताना जुनी उडाली तर? फोटो, कॉलेजचे प्रोजेक्ट, बाबांच्या दुकानाचे हिशेब, सगळंच गेलं तर?

सध्या ही भीती बऱ्याच घरांत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीपासून पुढचाच प्रोसेसर लागतो. त्यामुळे व्यवस्थित चालणारे कितीतरी लॅपटॉप आणि डेस्कटॉप एका तारखेला म्हातारे ठरले. अशा मशीनवर लिनक्स टाकून बघावं असं अनेकांना वाटतं, पण विंडोज लगेच सोडवत नाही. मग कुणीतरी जाणता मित्र सल्ला देतो, "एक एसएसडी अजून घे. एकीवर विंडोज, दुसरीवर लिनक्स. डोक्याला ताप नाही."

सल्ला चांगला आहे. पण तो चांगला का आहे आणि कुठे कमी पडतो, हे समजायला चाळीसेक वर्षं मागे जावं लागतं. या चाळीस वर्षांत दोन सिस्टिम्सच्या शेजारामुळे जे घोळ झाले, ते बहुतेक या किंवा त्या सिस्टिमच्या घरात झालेले नाहीत. ते झाले दोघींच्या सामायिक जागेत. शेतांची भांडणं जशी बांधावर होतात, तशीच ही.

एक फ्लॉपी, एक सिस्टिम

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पहिला पीसी जाहीर केला. त्याच्यासाठी एक नाही, तीन ऑपरेटिंग सिस्टिम्स ठरल्या होत्या: मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली पीसी-डॉस, डिजिटल रिसर्चची सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. डॉसची किंमत ४० डॉलर होती आणि सीपी/एम-८६ ची २४०. शर्यत कुणी जिंकली ते या आकड्यांवरूनच कळतं. पण सुरुवातीला निवड होती, हे विसरायला नको.

ही निवड करायची पद्धतही सोपी होती. मशीनमधला बायोस हा छोटा प्रोग्राम सुरू व्हायचा, फ्लॉपीचा पहिला सेक्टर म्हणजे पहिले ५१२ बाइट उचलायचा, मेमरीत ठरलेल्या जागी ठेवायचा आणि पुढचा कारभार त्यांच्या हाती सोपवायचा. तू कोण, कुठून आलास, असं काही विचारायचा नाही. दुसरी सिस्टिम हवी असेल तर मशीन बंद करायचं, फ्लॉपी बदलायची, पुन्हा चालू करायचं. एका सिस्टिमची फ्लॉपी खणात असताना दुसरी तिला हातसुद्धा लावू शकत नव्हती. आज दोन ड्राइव्हचा जो सल्ला दिला जातो, त्याचं मूळ रूप हेच आहे.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी आला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि सोबत डॉस २.०. आता डिस्क मशीनच्या पोटात स्क्रूने बसवलेली. ती काढून खणात ठेवता येईना. मग दोन सिस्टिम्स हव्या असतील तर काय करायचं? उत्तर आपल्या ओळखीचं आहे: वाटणी.

डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये ही वाटणी लिहिली जाऊ लागली. ५१२ पैकी ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या कोडसाठी, ६४ बाइट वाटणीच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन बाइट खुणेसाठी. तक्त्यात चारच नोंदी, प्रत्येकी १६ बाइटची. कुणाची जागा कुठून सुरू होते, किती आहे, आणि सध्या कोण ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे सुरू होण्याचा मानकरी आहे, एवढंच त्यात लिहिलेलं. पुढे या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणजे एमबीआर, म्हणू लागले. एका डिस्कवर वेगवेगळ्या सिस्टिम्स नांदाव्यात ही सोय त्यात पहिल्यापासून धरलेली होती. डॉसने चारातली एक जागा घ्यायची, बाकीच्या इतरांना.

वाटणी न्याय्य होती. पण वाटणीपत्र ठेवलं होतं उघड्यावर. ज्या सेक्टरमध्ये सगळ्यांच्या हद्दी लिहिलेल्या, त्याच सेक्टरमध्ये सगळ्यांत आधी चालणारा कोड. त्यावर कुलूप नाही, राखण नाही, मालकाचं नाव नाही. जो शेवटी लिहील, त्याचं खरं.

बिनकुलपाचं दार

हे उघडं दार सगळ्यांत आधी हेरलं ते व्हायरसवाल्यांनी. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये जाऊन बसायचा आणि मूळ सेक्टर दुसरीकडे हलवून ठेवायचा. भावांनी त्यात स्वतःच्या दुकानाचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेवला होता. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये सापडलेला ‘स्टोन्ड’ हार्ड डिस्कच्या एमबीआरपर्यंत पोचला. त्याचाच भाऊबंद ‘मायकलअँजेलो’ दर ६ मार्चला, म्हणजे त्या चित्रकाराच्या जन्मदिवशी, डिस्कचा सुरुवातीचा भाग खरडून टाकायचा. १९९२ च्या मार्चमध्ये त्याची जगभर धास्ती पसरली होती.

यातून एक गोष्ट पक्की झाली. जो आधी सुरू होतो, त्याच्या मुठीत पुढचं सगळं असतं. नंतर येणारी सिस्टिम कितीही मोठी असली, तरी तिला आपल्याआधी कोण येऊन गेलं हे कळायला मार्ग नव्हता. ही गोष्ट व्हायरसवाल्यांना कळली, तशी ती पुढे कंपन्यांनाही कळणार होती.

हेलसिंकीतली चुकलेली आज्ञा

जानेवारी १९९१. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने ३८६ प्रोसेसरचा, ४ एमबी मेमरीचा पीसी विकत घेतला. त्यावर डॉस होतं. त्याने अँड्र्यू टॅननबॉम यांची मिनिक्स ही शिकण्या-शिकवण्यासाठी बनवलेली सिस्टिम मागवली आणि वेगळ्या पार्टिशनवर टाकली. विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला मोडेमवरून जोडून घेण्यासाठी त्याने स्वतःचा एक प्रोग्राम लिहायला घेतला. तो वाढत गेला आणि ऑगस्टमध्ये, आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, असं त्याने मिनिक्सच्या न्यूजग्रुपवर जाहीर केलं.

त्यानंतरचा एक प्रसंग त्याने आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टिम्समध्ये मोडेम काय, हार्ड डिस्क काय, दोन्ही फाइलसारखीच दिसतात. एकदा मोडेमला द्यायची डायल करण्याची आज्ञा चुकून हार्ड डिस्कला गेली आणि मिनिक्सच्या पार्टिशनचा महत्त्वाचा भाग त्याखाली गाडला गेला. मिनिक्स पुन्हा टाकायचं की स्वतःच्या सिस्टिमवरच राहायचं, असे दोन रस्ते होते. त्याने दुसरा धरला. मिनिक्समध्ये जे काही होतं आणि लिनक्समध्ये नव्हतं, ते लिहून काढायला घेतलं.

म्हणजे लिनक्स वाढलं तेच एका डिस्कवर दोन सिस्टिम्स नांदवताना झालेल्या अपघातानंतर. हा अपघात ना विंडोजने केला, ना व्हायरसने. एकाच डिस्कवर, एकाच नावाखाली दोन्ही घरं होती आणि एक आज्ञा चुकली, बस्स. त्या माणसाचं मिनिक्स गेलं आणि जगाला लिनक्स मिळालं. आपल्यासारख्यांचं मात्र फक्त जातं.

लिलो, ग्रब आणि पडीक जमीन

लिनक्स आल्यावर ते सुरू करण्यासाठी बूटलोडर हवा होता. १९९२ मध्ये वेर्नर आल्म्सबर्गर यांनी ‘लिलो’ लिहिला. तो एमबीआरमध्ये बसायचा आणि विचारायचा: लिनक्स की डॉस? लिलोला फाइल म्हणजे काय ते कळत नसे. लिनक्सचा कर्नल डिस्कच्या कुठल्या ठोकळ्यांत आहे, त्यांचे पत्ते तो आधीच टिपून ठेवायचा. कर्नल बदलला आणि लिलो पुन्हा चालवायला विसरलात, की पत्ते जुने आणि माणूस घर सोडून गेलेला. सुरू होताना तो आपलं नाव एकेक अक्षर करत पडद्यावर उमटवायचा. चारही अक्षरं दिसली तर ठीक. दोनच अक्षरं येऊन थांबला, तर गाडी कुठल्या स्टेशनवर अडली ते त्यावरून ओळखायचं.

शिवाय बायोसची नजर तोकडी होती. तिला डिस्कचे पहिले १०२४ सिलिंडरच दिसत. आधी ही मर्यादा सुमारे ५२८ एमबी होती, नंतर काही युक्त्या करून ती ८.४ जीबीवर गेली. त्यापलीकडे कर्नल असेल तर बायोसच्या लेखी तो नाहीच. म्हणून दोन्ही सिस्टिम्सना डिस्कच्या सुरुवातीचीच जागा हवी असायची. रस्त्याकडेच्या प्लॉटवरून व्हावं तसं.

१९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी ग्नू हर्ड सुरू करता यावी म्हणून ‘ग्रब’ लिहिला. १९९९ मध्ये तो ग्नू प्रकल्पात आला आणि पुढे लिनक्सच्या जगात घरोघरी पोचला. ग्रबला फाइलसिस्टिम वाचता येते, त्यामुळे पत्ते टिपून ठेवायची गरज उरली नाही. पण एवढं शहाणपण ४४६ बाइटमध्ये मावणार कसं? एमबीआर आणि पहिलं पार्टिशन यांच्यामध्ये त्या काळी बासष्ट सेक्टर रिकामे सुटत. कुणाच्याच नावावर नसलेली ती पडीक जमीन. ग्रबने आपला पुढचा भाग तिथे बसवला.

पडीक जमिनीवर डोळा ठेवून असणारा ग्रब एकटा नव्हता. विंडोजवरची काही महागडी सॉफ्टवेअर्स आपल्या लायसन्सची गुप्त खूण त्याच रिकाम्या सेक्टर्समध्ये लिहून ठेवत. विंडोजमध्ये असं सॉफ्टवेअर उघडलं, की ग्रबच्या मधल्या एखाद्या तुकड्यावर ते लिहून जायचं आणि पुढच्या वेळी मशीन सुरूच व्हायचं नाही. वापरणाऱ्याला काय दिसणार? काल रात्री चांगलं चालत होतं, सकाळी बंद. शेवटी ग्रब २ मध्ये अशा घुसखोरांच्या खुणा ओळखून तो सेक्टर सोडून पुढे जायची सोय करावी लागली. फ्लेक्सनेट हे त्या यादीतलं एक नाव.

आणि विंडोजचा इन्स्टॉलर? तो एमबीआरमध्ये आपला कोड लिहायचा आणि आधीचा पुसायचा. त्यामागे दर वेळी वाईट हेतू असेलच असं नाही. घरात आपण एकटेच राहतो असं गृहीत धरणाऱ्याने दारावरच्या सगळ्या पाट्या काढून आपली लावावी, तसं ते होतं. परिणाम मात्र एकच. लिनक्स डिस्कवर जसंच्या तसं असायचं, फक्त त्याच्याकडे जायची वाट बुजलेली असायची. म्हणूनच ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा क्रम जुन्या लोकांच्या तोंडी बसला.

आपल्याकडे हे सगळं पोचलं ते मासिकांसोबत येणाऱ्या सीडींमधून, आणि २००५ ते २०११ या काळात कॅनॉनिकल कंपनी उबुंटूच्या सीडी फुकट घरपोच पाठवायची त्यातून. २००८ मध्ये उबुंटूने ‘वुबी’ आणलं. ते लिनक्सला विंडोजमधल्याच एका मोठ्या फाइलमध्ये बसवायचं, पार्टिशनला हातच लावायचा नाही. घरातला एकुलता एक पीसी सगळ्यांचा असायचा, म्हणून अशा वाटांना महत्त्व होतं. सी ड्राइव्हवर विंडोज, डीवर सिनेमे आणि गाणी, ईवर लग्नाचे फोटो, अशी मांडणी दुकानदारच करून द्यायचा. त्यातून एक गैरसमज मात्र घट्ट बसला, तो आजही धोक्याचा आहे. सी आणि डी हे बहुतेक वेळा दोन ड्राइव्ह नसतात. ती एकाच डिस्कची दोन पार्टिशन्स असतात. डिस्क गेली की दोन्ही गेली, आणि इन्स्टॉलरला ‘पूर्ण डिस्क पुसा’ म्हटलं की लग्नाचे फोटोही गेले.

करारातला बूटलोडर

आतापर्यंतची गोष्ट अपघातांची होती. पुढची हेतूची आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बी इंक या छोट्या कंपनीची बीओएस नावाची सिस्टिम होती. चित्र, आवाज, व्हिडिओ या कामांत ती चपळ म्हणून नावाजलेली. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेले जाँ-लुई गासे तिचे प्रमुख. त्यांनी पीसी बनवणाऱ्या कंपन्यांना सांगितलं, विंडोजच्या बरोबरीने आमची सिस्टिमही सुरू करता येईल असं मशीन विका, आम्ही ती फुकट देतो. हिताचीने जपानमध्ये अशी मशीन्स काढली. बीओएस डिस्कवर होती, पण मशीन सुरू होताना निवडीचा मेनू दिसत नव्हता. विकत घेणाऱ्याने खटपट करून ती उघड करायची. म्हणजे सिस्टिम घरात, पण दाराला पाटी नाही.

मायक्रोसॉफ्टच्या लायसन्सच्या अटींमुळेच असं झालं, हा बीचा आरोप होता. फेब्रुवारी २००२ मध्ये तिने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. सप्टेंबर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला, चूक कबूल न करता. तोवर बीचा धंदा संपला होता.

त्याच सुमारास अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या मक्तेदारीच्या मोठ्या खटल्याचा अंतिम निवाडा आला, नोव्हेंबर २००२ मध्ये. त्यात एक कलम थेट आपल्या विषयाचं आहे. विंडोज सुरू होण्याआधी बायोसमधून किंवा दुसऱ्या कुणाच्या बूटलोडरमधून वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम निवडायची सोय पीसी कंपनीने ग्राहकाला दिली, तर मायक्रोसॉफ्टने त्याला आडकाठी करायची नाही. पहिल्या सेक्टरचा प्रश्न न्यायालयाच्या निवाड्यात जाऊन बसला होता. या निवाड्याची मुदत मे २०११ मध्ये संपली.

कुलूप आलं, किल्ली कुणाकडे?

तोवर एमबीआरच थकला होता. त्याच्या तक्त्यात सेक्टरचा पत्ता ३२ बिटांचा, त्यामुळे सुमारे दोन टेराबाइटपलीकडची जागा त्याला मोजताच येईना. इंटेलने आपल्या इटॅनियम प्रोसेसरसाठी ईएफआय नावाची नवी व्यवस्था तयार केली होती. २००५ मध्ये अनेक कंपन्यांची मिळून यूईएफआय फोरम झाली आणि हळूहळू बायोसची जागा या व्यवस्थेने घेतली.

दोन सिस्टिम्सच्या शेजारासाठी ही खरोखर चांगली गोष्ट होती. जीपीटी या नव्या वाटणीच्या तक्त्यात चाराऐवजी सहसा १२८ नोंदी मावतात आणि त्याची एक नक्कल डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. सुरुवातीचा कोड आता बिनमालकाच्या सेक्टरमध्ये नसतो. त्यासाठी ईएफआय सिस्टिम पार्टिशन हे छोटं पार्टिशन असतं आणि त्यात प्रत्येक सिस्टिमचं आपलं वेगळं फोल्डर. कुणाला कुठल्या क्रमाने सुरू करायचं, ती यादी मदरबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत राहते. दारावर पहिल्यांदाच सगळ्यांच्या पाट्या एकाखाली एक लागल्या.

कुलूप २०१२ मध्ये आलं, विंडोज ८ सोबत. सिक्युअर बूट. ओळखीची डिजिटल सही असलेला बूटलोडरच सुरू होईल, बाकीचे नाहीत. हे कुलूप निव्वळ दुसऱ्यांना अडवायला आणलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. बिनकुलपाच्या दाराची किंमत २०१७ मध्ये नवी मुंबईनेही मोजली. त्या वर्षी २७ जूनला पसरलेला नॉटपेट्या एमबीआरवरच स्वतःला लिहायचा. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि जेएनपीटी बंदरातलं तिच्या गटाचं टर्मिनलही कोलमडलं.

प्रश्न होता किल्लीचा. पीसीमध्ये कारखान्यातूनच बसवलेली किल्ली मायक्रोसॉफ्टची होती. रेड हॅटमध्ये काम करणाऱ्या मॅथ्यू गॅरेट यांनी सप्टेंबर २०११ मध्येच याकडे लक्ष वेधलं होतं: अशा मशीनवर लिनक्स सुरूच होणार नाही, मग काय? बरीच ओरड झाली. शेवटी तडजोड अशी निघाली, की साध्या पीसीवर सिक्युअर बूट बंद करायचा पर्याय असलाच पाहिजे, आणि लिनक्ससाठी ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या सहीने सुरू होईल, मग तो ग्रबला सुरू करेल. एआरएम प्रोसेसरच्या विंडोज मशीन्सवर मात्र हे कुलूप काढता येणार नाही, अशी अट होती. पुढे विंडोज १० च्या वेळी साध्या पीसीवरही हा बंद करायचा पर्याय सक्तीचा राहिला नाही. तो द्यायचा की नाही हे कंपनीच्या मर्जीवर आलं.

या तडजोडीची कसोटी ऑगस्ट २०२४ मध्ये लागली. ग्रबमध्ये सापडलेल्या जुन्या दोषांमुळे त्याच्या जुन्या आवृत्त्यांवर बंदी घालणारा बदल मायक्रोसॉफ्टने १३ ऑगस्टच्या अपडेटमधून पाठवला. दोन सिस्टिम्स असलेल्या मशीनवर तो लागू होणार नाही असं सांगितलं होतं. पण अशी मशीन्स ओळखण्यात चूक झाली आणि अनेकांचं लिनक्स एका सकाळी सुरू व्हायचं थांबलं. डिस्कवरचा एक बाइटही इकडचा तिकडे झाला नव्हता. बंदीची नोंद झाली होती मदरबोर्डच्या मेमरीत. म्हणून लिनक्स वेगळ्या ड्राइव्हवर असणारेही यातून आपोआप सुटले नाहीत.

दोन ड्राइव्ह म्हणजे नक्की काय वाचतं?

आता मित्राच्या त्या सल्ल्याकडे परत येऊ. दोन ड्राइव्ह घेतल्याने वाटणीचा तक्ता वेगळा होतो, ईएफआय पार्टिशन वेगळं होऊ शकतं, आणि एक डिस्क बिघडली तरी दुसरी चालते. वर सांगितलेल्या गोष्टींतल्या बऱ्याचशा मुळातच टळतात.

पण ‘होऊ शकतं’ हा शब्द महत्त्वाचा. दोन्ही ड्राइव्ह जोडलेले असताना इन्स्टॉल केलं, तर इन्स्टॉलर सामायिक जागा पुन्हा निर्माण करू शकतो. विंडोजच्या इन्स्टॉलरला दुसऱ्या डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन सापडलं, तर तो आपल्या सुरुवातीच्या फाइल्स तिथेच ठेवू शकतो. उबुंटूचा जुना इन्स्टॉलरही यात मागे नव्हता. बूटलोडरसाठी दुसरी डिस्क निवडली, तरी तो पहिल्या सापडलेल्या ईएफआय पार्टिशनमध्येच जाऊन बसायचा. ही तक्रार कित्येक वर्षं नोंदलेली होती. मग एक दिवस जुनी डिस्क काढून कुणाला देऊन टाकली, की नव्या डिस्कवरची धडधाकट सिस्टिमही सुरू होत नाही.

म्हणून सगळ्यांत खात्रीची वाट १९८१ मधलीच आहे. दुसरी फ्लॉपी खणात ठेवा. मशीन पूर्ण बंद करून, प्लग काढून, जुन्या सिस्टिमचा ड्राइव्ह काढा. साटा असेल तर केबल, एम.२ असेल तर एक स्क्रू. काही मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये तो स्लॉट बंदही करता येतो. मग नवी सिस्टिम टाका, ती एकटी सुरू होते ना ते बघा आणि जुना ड्राइव्ह परत जोडा. जे जोडलेलंच नाही, ते कुठलाही इन्स्टॉलर पुसू शकत नाही. पुढे कुठली सिस्टिम हवी ते मशीन सुरू करताना एफ१२ किंवा तशी एखादी की दाबून मदरबोर्डच्या मेनूतून निवडायचं.

ड्राइव्ह काढणं शक्यच नसेल, तर निदान नावावर विसंबू नका. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं आणि ती सापडण्याच्या क्रमाने बदलू शकतात. डिस्क ओळखायची ती तिच्या आकारावरून आणि मॉडेलवरून. आणि तिसऱ्याच एखाद्या जागी बॅकअप हवाच, दोन ड्राइव्ह असोत की चार.

उरतात त्या गोष्टी, ज्या दोन ड्राइव्ह घेऊनही सामायिकच राहतात. एक, मदरबोर्डची मेमरी आणि सिक्युअर बूटच्या किल्ल्या. दोन, टीपीएम. विंडोजचं बिटलॉकर चालू असेल, तर सुरुवातीच्या साखळीत बदल दिसताच ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती आधीच मिळवून कागदावर लिहून ठेवावी. तीन, घड्याळ. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स सहसा जागतिक वेळ. त्यामुळे भारतात एकीतून दुसरीत गेलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास चुकतं. लिनक्सला एका आज्ञेत समजावता येतं. चार, एकमेकींच्या फाइल्स. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शटडाउन केल्यावरही ती अर्धवट झोपलेली असते. अशा वेळी लिनक्समधून तिच्या पार्टिशनवर लिहिलं तर फाइल्स बिघडू शकतात. ते सेटिंग बंद करून ठेवावं.

या यादीत नवं तसं काहीच नाही. १९८३ मध्ये सामायिक होता तो एक सेक्टर. आज तो नाही, पण सामायिक जागा मदरबोर्डवर सरकली आहे आणि तिथे लिहायचा हक्क आपल्यापेक्षा कंपन्यांकडे जास्त आहे. दुसरा ड्राइव्ह आपल्याला आपल्या डेटाची खात्री देतो. पहिल्या शब्दाची खात्री तो देऊ शकत नाही.

ती खात्री किती मोलाची आहे, हे बघायला दूर जायला नको. तुम्ही हे बहुधा फोनवर वाचत असाल. तोही कॉम्प्युटरच आहे, त्यालाही बूटलोडर आहे. आयफोनवर दुसरी सिस्टिम टाकायची सोयच नाही. अँड्रॉइडवर बूटलोडर उघडायचा की नाही हे बनवणारी कंपनी ठरवते, आणि तिने परवानगी दिली तरी उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. तीन वर्षांनी अपडेट थांबले, की हार्डवेअर कितीही ठणठणीत असो, फोन म्हातारा. त्या शेजारी दहा वर्षांचा जुना पीसी ठेवून बघा. त्याला तुम्ही अजून विचारू शकता, आज कुणाला सुरू करायचं? तो मेनू आपोआप राहिलेला नाही. कुणी तो कोडमध्ये लिहिला, कुणी त्यासाठी खटला लढवला, कुणी वेळेत आवाज उठवला, म्हणून तो राहिला आहे.